एका लहानशा चौकोनाचा इतिहास

सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा टेबलापाशीं बसून कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरीत आहे, असें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणा. गांव अमेरिकेंतील एखादें मध्यम वस्तीचें. मुलगा अभ्यासांत बरा आहे. शिक्षकांनीं शिफारसपत्रें दिलीं आहेत. स्वतःविषयींचा निबंधहि लिहून झाला आहे. नांव, वय, शाळा, वडिलांचा व्यवसाय अशीं उत्तरें भराभर लिहीत तो एका प्रश्नापाशीं येतो आणि थबकतो. आजवर न्यायालयानें आपणांस कोणत्या अपराधाबद्दल दोषी ठरविलें आहे काय, असा तो प्रश्न आहे. त्याच्यापुढें दोन लहानसे चौकोन आहेत. एक ‘होय’चा, एक ‘नाहीं’चा. वर्षापूर्वीं मित्रांच्या नादीं लागून या मुलानें एका दुकानांतून क्षुल्लक किंमतीची वस्तु उचलली होती. तो पकडला गेला, कोर्टापुढें उभा राहिला आणि दंड भरून सुटला. घरांत त्या दिवसाचा उच्चार आतां कोणी करीत नाहीं. त्या चौकोनानें मात्र तो दिवस पुन्हा उकरून काढला आहे.

श्रोतेहो, हा मुलगा माझ्या कल्पनेंतला आहे. पण तो प्रश्न आणि ते चौकोन खरे होते, आणि अशा प्रश्नापाशीं थबकलेलीं खरींखुरीं मुलें हजारोंनीं होऊन गेलीं. हा चौकोन अर्जावर केव्हां आला, कां आला, त्यानें काय केलें आणि पुढें तो कित्येक ठिकाणांहून कां पुसला गेला, याचा वृत्तांत आज मला सांगावयाचा आहे. आपल्या घरांतलींहि कित्येक मुलें आज शिक्षणासाठीं अमेरिकेस व इंग्लंडास जातात, आणि तेथील अर्जांशीं त्यांची गांठ पडते. तेव्हां हा विषय अगदींच परका नाहीं. शिवाय, विद्यार्थ्याच्या हातून एखादी चूक झाली तर ती त्याच्या पाठीशीं किती दिवस ठेवावी, हा प्रश्न कोणत्याहि एका देशाचा नव्हे.

या इतिहासाचा आरंभ कॉलेजांत होत नाहीं, कोर्टांत होतो. इ. स. १८४१ च्या ऑगस्ट महिन्यांत बॉस्टन शहरच्या पोलीस कोर्टांत जॉन ऑगस्टस नांवाचा, जोड्यांचा धंदा करणारा एक गृहस्थ बसला होता. एका दारुड्या माणसास शिक्षेसाठीं उभें केलें होतें. ऑगस्टस त्याच्याशीं दोन शब्द बोलला, त्याच्यासाठीं स्वतः जामीन राहिला आणि त्याला घेऊन गेला. तीन आठवड्यांनीं तोच माणूस कोर्टापुढें आला तेव्हां त्याच्यांत इतका पालट झाला होता कीं, न्यायाधीशानें कैदेच्या ऐवजीं त्यास एक सेंट दंड आणि कोर्टाचा खर्च एवढ्यावर सोडलें. ऑगस्टस १८५९ सालीं वारला. तोंपर्यंत त्यानें अशा रीतीनें जवळजवळ दोन हजार माणसांची हमी घेतली होती. १८७८ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें हेंच काम करणारा पगारी अधिकारी नेमण्याचा कायदा केला. अपराध्यास तुरुंगांत न घालतां देखरेखीखालीं सुधारण्याची संधि देण्याची जी पद्धति आज जगभर रूढ आहे, तिचा पाया असा एका जोडेवाल्यानें घातला.

पुढें १८९९ सालीं शिकागो येथें मुलांसाठीं स्वतंत्र न्यायालय निघालें. लहान वयांत चुकलेल्या मुलाला गुन्हेगार समजूं नये, त्याची चौकशी चव्हाट्यावर होऊं नये, आणि मोठेपणीं त्याच्या मागें ती चौकशी लागूं नये, असा त्या न्यायालयामागील विचार होता. म्हणजे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेनें एक तत्त्व मान्य केलें होतें: शिक्षा संपली कीं हिशेब संपावा, आणि मूल असेल तर हिशेबाची वहीच बंद ठेवावी. कॉलेजच्या अर्जावरील चौकोनानें हीच वही पुन्हा उघडली. तें कसें घडलें हें पाहण्यापूर्वीं दोन शब्दांचा उलगडा करणें अवश्य आहे.

अमेरिकन कायद्यांत अपराधांचे दोन मोठे वर्ग आहेत. ज्याला सामान्यतः एक वर्षाहून अधिक कैद होऊं शकते त्यास ‘फेलनी’ म्हणतात. त्याहून हलक्या अपराधास ‘मिस्डिमीनर’ म्हणतात. दुकानांतील किरकोळ चोरी, दुसऱ्याच्या जागेंत बेकायदा शिरणें, सार्वजनिक शांततेचा भंग, अशा गोष्टी बहुधा दुसऱ्या वर्गांत पडतात. याहून महत्त्वाचा भेद आरोप आणि दोषसिद्धि यांमधील आहे. पोलिसांनीं पकडणें ही एक गोष्ट, सरकारनें आरोप ठेवणें ही दुसरी, आणि न्यायालयानें दोषी ठरविणें ही तिसरी. कित्येक आरोप मागे घेतले जातात, कित्येक शाबीत होत नाहींत, आणि कित्येक तरुणांच्या बाबतींत ठराविक मुदत नीट वागल्यास खटल्याचे कागद मोहोरबंद करून ठेवले जातात. वकिलाला हे भेद पाठ असतात. सतरा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसतात. त्याच्या आठवणींत फक्त पोलिसाचा हात आणि आईचे डोळे असतात.

किरकोळ आरोपाची खरी किंमत काय असते, हें समजण्यास १९६१ सालची एक हकीकत फार उपयोगी आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यांत रॉक हिल नांवाचें गांव आहे. तेथील एका दुकानांत गोऱ्या लोकांसाठीं राखून ठेवलेला उपाहाराचा कट्टा होता. त्या वर्षाच्या ३१ जानेवारीस कांहीं काळे तरुण त्या कट्ट्यावर जाऊन बसले. त्यांतील बहुतेक जण गांवच्या फ्रेंडशिप ज्युनियर कॉलेजचे विद्यार्थी होते. त्यांच्यावर जागेंत बेकायदा शिरल्याचा, म्हणजे अगदीं हलक्या वर्गांतला, आरोप ठेवण्यांत आला. दुसऱ्याच दिवशीं ते दोषी ठरले. शंभर डॉलर दंड अथवा तीस दिवस सक्तमजुरी, अशी शिक्षा झाली. नऊ जणांनीं दंड नाकारून मजुरी पत्करली. अन्यायाच्या तिजोरींत आपल्या हातानें पैसा कां भरावा, असा त्यांचा विचार होता. त्यांच्यासमवेत पकडला गेलेला दहावा विद्यार्थी मात्र जामिनावर बाहेर पडला, कारण तुरुंगांत राहिल्यास खेळासाठीं मिळणारी आपली शिष्यवृत्ति जाईल, अशी त्याला भीति वाटली.

श्रोतेहो, त्या दहाव्या मुलाला भित्रा म्हणावयास माझी जीभ उचलत नाहीं. गरीब घरांतील मुलाची शिष्यवृत्ति म्हणजे सबंध कुटुंबाचें भवितव्य असतें. त्याची भीति अनाठायीं नव्हती, हेंहि त्याच काळांत दिसून आलें होतें. १९६० च्या फेब्रुवारींत अलाबामा राज्यांतील माँटगोमेरी येथें कॉलेजांतील विद्यार्थी कचेरीच्या इमारतींतील उपाहारगृहांत असेच जाऊन बसले. त्यानंतर त्यांतील नऊ जणांना कसलीहि चौकशी न करतां कॉलेजांतून काढून टाकण्यांत आलें. त्यांनीं दाद मागितली. १९६१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, सरकारी कॉलेजानें विद्यार्थ्याला काढण्यापूर्वीं त्याच्यावरील आरोप त्यास कळविला पाहिजे आणि त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे. विद्यार्थ्याला कांहीं हक्क असतात ही गोष्ट तेथील कायद्यांत ठामपणें आली, ती या खटल्यामुळें.

आणि रॉक हिलचे ते नऊ जण? त्यांच्या नांवावरील तो हलका गुन्हा चोपन्न वर्षें तसाच राहिला. २०१५ च्या २८ जानेवारीस न्यायालयानें त्यांची शिक्षा रद्द ठरविली. तो हुकूम ज्या न्यायाधीशानें दिला तो १९६१ सालीं शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचा पुतण्या होता. काकानें लिहिलेली ओळ पुतण्यानें खोडली. ज्यांच्यासाठीं ती खोडली ते तोंवर म्हातारे झाले होते.

आतां चौकोनाकडे वळूं. तो कोणा दुष्टानें आणला असें समजूं नका. तो भीतीनें आणला, आणि भीतीला कारणेंहि होतीं. १९८६ च्या एप्रिल महिन्यांत पेनसिल्व्हेनिया राज्यांतील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहांत जीन क्लेरी नांवाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा त्याच विद्यापीठांतील एका विद्यार्थ्यानें खून केला. तिच्या आईवडिलांनीं दुःख गिळून बसण्याऐवजीं देशभर चळवळ केली. त्यांच्या खटपटीमुळें १९९० सालीं कायदा झाला आणि प्रत्येक कॉलेजानें आपल्या आवारांत घडलेल्या गुन्ह्यांचे आंकडे दरवर्षीं प्रसिद्ध करावे, असें ठरलें. हा कायदा अर्जदाराला त्याचा पूर्वेतिहास विचारावयास सांगत नव्हता. पण कॉलेजांच्या चालकांच्या मनांत सुरक्षिततेची जबाबदारी त्यानें पक्की बसविली. पुढें २००४ सालीं उत्तर कॅरोलायनांतील विल्मिंग्टन येथील विद्यापीठांत थोड्याच दिवसांच्या अंतरानें दोन विद्यार्थिनींचे खून झाले. मारेकरी त्यांच्या ओळखीचे विद्यार्थी होते, आणि त्यांनीं प्रवेश घेतांना आपला पूर्वेतिहास उघड केला नव्हता असें निष्पन्न झालें. साहजिकच पालक विचारूं लागले: तुम्ही अर्जांत हें नीट विचारलें आणि पडताळलें कां नाहीं?

अमेरिकेंत ‘कॉमन ॲप्लिकेशन’ म्हणून एक सामाईक अर्ज आहे. १९७५ सालीं पंधरा कॉलेजांनीं एकत्र येऊन तो सुरू केला. विद्यार्थ्यानें एकच अर्ज भरावा आणि तो अनेक कॉलेजांना पाठवितां यावा, ही त्यांतील सोय. ही सोय वाढत वाढत शेंकडों कॉलेजांपर्यंत गेली. २००६ सालीं या सामाईक अर्जांत अपराधाविषयींचा प्रश्न घालण्यांत आला. एका कॉलेजानें आपल्या दारावर पाटी लावली तर विद्यार्थी दुसरें दार ठोठावील. पण सामाईक अर्जांत घातलेली एक ओळ म्हणजे शेंकडों दारांवर एकाच वेळीं लावलेली पाटी होय. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, उत्तर देणाऱ्या कॉलेजांपैकीं ६६ टक्के कॉलेजें अर्जदारांच्या गुन्ह्यांविषयीं माहिती गोळा करीत होतीं, असें आढळलें. म्हणजे साधारण तिनांतील दोन.

२००७ च्या १६ एप्रिलला व्हर्जिनिया टेक या विद्यापीठांत एका विद्यार्थ्यानें गोळीबार करून बत्तीस जणांचे प्राण घेतले. सर्व देश हादरला, आणि प्रवेशाच्या वेळीं अधिक कसून चौकशी व्हावी अशी ओरड पुन्हा सुरू झाली. पण या प्रसंगाकडे शांतपणें पाहिलें तर काय दिसतें? त्या मारेकऱ्याला कोणत्याहि न्यायालयानें गुन्ह्याबद्दल कधीं दोषी ठरविलेलें नव्हतें. त्यानें चौकोनांत ‘नाहीं’ अशी खूण केली असती तर ती अक्षरशः खरी ठरली असती. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार. ज्याच्यापासून भय होतें तो त्या प्रश्नाच्या जाळ्यांतून सहज निसटला असता. अडकला असता तो दुकानांतील वस्तु उचललेला आपला मुलगा.

याच सुमारास दुसरें एक दार बंद होत होतें. कॉलेजचा खर्च अमेरिकेंत भयंकर आहे, आणि मध्यम व गरीब विद्यार्थी सरकारच्या आर्थिक साहाय्यावर अवलंबून असतात. १९९८ सालीं कायद्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, मादक पदार्थांच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याचें हें साहाय्य थांबावें. पदार्थ नुसता जवळ बाळगल्याबद्दल पहिल्या वेळीं एक वर्ष, दुसऱ्या वेळीं दोन वर्षें, तिसऱ्या वेळीं बेमुदत. विक्रीबद्दल याहूनहि कडक. गंमत अशी कीं, ही बंदी केवळ मादक पदार्थांपुरती होती. खिशांत गांजाची पुडी सांपडलेल्या मुलाचें साहाय्य बंद होई; दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्यास हें कलम लागत नसे. श्रीमंताच्या मुलाला साहाय्य नकोच असतें, म्हणून या बंदीचा चिमटा त्याला बसण्याचें कारण नव्हतें. २००६ सालीं ही बंदी सौम्य करण्यांत आली आणि साहाय्य घेत असतांना केलेल्या गुन्ह्यापुरतीच ती उरली. २०२० च्या डिसेंबरांत झालेल्या कायद्यानें ती मुळांतूनच काढून टाकली. म्हणजे हें कलम नाहींसें व्हावयास बावीस वर्षें लागलीं; विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या तेवढ्यांत कॉलेजच्या वयांतून पुढें निघून गेल्या.

आतां आपण या इतिहासाच्या गाभ्याशीं आलों आहोंत. चौकोनाचे कैवारी म्हणत: आम्ही केवळ विचारतों. ‘होय’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही नाकारतों थोडेंच? हें म्हणणें खोटें नव्हतें. प्रवेशसमित्या पुष्कळ अर्जदारांना घेतहि असत. मग अपाय कोठें होत होता? याचें उत्तर २०१५ सालीं न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाविषयीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें दिलें. चौसष्ट कॉलेजांचा हा प्रचंड समूह अर्जदारांना फेलनीविषयीं प्रश्न विचारीत असे. अभ्यासकांनीं नाकारलेले अर्ज तर मोजलेच, पण अर्धवट राहिलेले अर्जहि मोजले. सर्व अर्जदारांपैकीं सुमारे २१ टक्के विद्यार्थी अर्ज पुरा न करतां सोडून देत. परंतु ज्यांनीं ‘होय’ या चौकोनांत खूण केली होती त्यांच्यांत हें प्रमाण सुमारें ६२ टक्के होतें. समितीनें ज्या एकाला गुन्ह्यामुळें नाकारलें, त्याच्यामागें पंधरा जण स्वतःहून परत फिरले होते.

ते कां परत फिरले, याचें कारण त्या चौकोनानंतरच्या पानांत सांपडतें. ‘होय’ म्हणतांच पुढचे प्रश्न सुरू होत. गुन्ह्याचा तपशील लिहा, कोर्टाचे कागद आणा, तुरुंगाच्या अथवा देखरेखीच्या अधिकाऱ्याचें पत्र जोडा, समितीपुढें या. हे कागद मिळविण्यास वेळ लागे आणि पैसाहि लागे. कित्येकदां अशा अधिकाऱ्यांकडे पत्र मागावें लागे, कीं ज्यांची मुलाशीं ओळखच राहिलेली नसे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्या अर्जदाराची अवस्था होई. आणि ज्यानें अर्जच पुरा केला नाहीं त्याची नोंद नकारांत होत नाहीं. दार कोणी लावलें नाहीं. मुलगा आपण होऊनच पायरीवरून उतरला. म्हणून इतकीं वर्षें कोणाला त्याचा पत्ताहि लागला नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणें कोवळ्या वयांतील अपराध्यास न्यायालय असा दर्जा देऊं शकतें कीं, त्याच्यावरील निर्णय दोषसिद्धि म्हणून गणला जात नाहीं. अशा मुलानें ‘नाहीं’ म्हटलें तर तें कायद्यानें खरें असतें. परंतु ज्याला हा भेद कोणी समजावून सांगितलेला नाहीं, तो प्रामाणिक मुलगा भीत भीत ‘होय’ लिहितो. बेरकी मनुष्य वकिलाला विचारून ‘नाहीं’ लिहितो, अथवा सरळ खोटें बोलतो. म्हणजे प्रश्न लबाडाला सोडतो आणि प्रामाणिकाला धरतो. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची जी म्हण आहे, ती येथें अगदीं शब्दशः लागू पडते. त्यांतच भर ही कीं, त्या देशांत काळ्या तरुणांना पोलिसांनीं पकडण्याचें प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानें फार मोठें आहे; सबब एकच प्रश्न सर्वांना सारखा विचारला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. आणि या प्रश्नामुळें कॉलेजांचीं आवारें अधिक सुरक्षित झालीं, असें दाखविणारा पुरावा मात्र अभ्यासकांच्या हातीं लागला नाहीं.

यानंतर वारें पालटलें. २०१६ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या शिक्षणखात्यानें कॉलेजांना असा सल्ला दिला कीं, हा प्रश्न प्रवेशाच्या आरंभींच विचारूं नये. त्याच वर्षीं न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठानें तो आपल्या अर्जांतून काढण्याचा ठराव केला. २०१७ सालीं लुइझियाना राज्यानें सरकारी कॉलेजांना अशी मनाई करणारा कायदा केला; सर्व राज्यांत तें पहिलें. मेरीलंड राज्याच्या विधिमंडळानेंहि असा कायदा केला. राज्यपालांनीं तो नाकारला, तेव्हां २०१८ च्या जानेवारींत विधिमंडळानें त्यांचा नकार बाजूस सारून तो मंजूर केला. पाठोपाठ वॉशिंग्टन राज्य आलें. २०१८ च्या ऑगस्टांत सामाईक अर्जाच्या चालकांनीं जाहीर केलें कीं, २०१९ पासून हा प्रश्न सर्वांसाठीं असणाऱ्या भागांत राहणार नाहीं. त्या वेळीं आठशेंहून अधिक कॉलेजें या अर्जांत सामील होतीं. इंग्लंडांतहि, जेथें १९७४ च्या कायद्यानें ठराविक मुदतीनंतर जुना अपराध ‘संपला’ असें मानण्याची सोय केलेली आहे, तेथील मध्यवर्ती प्रवेशसंस्थेनें २०१९ च्या प्रवेशापासून बहुतेक अभ्यासक्रमांसाठीं हा प्रश्न गाळला.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणें न्यायाचें होणार नाहीं. ज्यांची मुलगी वसतिगृहांत राहावयाची आहे, त्या आईबापांची काळजी खोटी नसते. क्लेरी दांपत्याचें दुःख खोटें नव्हतें. म्हणूनच लुइझियानाच्या कायद्यानें लैंगिक अत्याचार आणि पाठलाग करून छळणें या अपराधांविषयीं विचारण्याची मोकळीक ठेवली आहे. इंग्लंडांत शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक अशा, ज्यांना मुलें वा रुग्ण यांच्याजवळ काम करावयाचें असतें त्यांच्या अभ्यासक्रमांसाठीं, तो प्रश्न कायम आहे. अमेरिकेंतहि स्वतंत्रपणें हा प्रश्न विचारण्यास कॉलेजांना सामाईक अर्जानें मनाई केलेली नाहीं, आणि कांहीं कॉलेजें तो विचारतात. वाद विचारावें कीं न विचारावें एवढाच नाहीं. कशाविषयीं विचारावें, केव्हां विचारावें आणि कशासाठीं विचारावें, हा खरा वाद आहे.

आपल्या देशांत विद्यार्थी आणि दंड यांचा संबंध जुना आहे. १९०५ सालीं बंगालमध्यें सरकारनें परिपत्रक काढून, ज्या शाळा-कॉलेजांतील विद्यार्थी राजकीय चळवळींत भाग घेतील त्यांचें अनुदान व शिष्यवृत्त्या बंद करण्याची धमकी दिली होती. त्याच संतापांतून बंगालमध्यें राष्ट्रीय शाळा निघाल्या. १९३८ सालीं हैदराबाद संस्थानांत औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हां त्यांना मोठ्या संख्येनें उस्मानिया विद्यापीठाचीं दारें बंद झालीं. त्या वेळीं नागपूर विद्यापीठानें त्यांना आपल्याकडे घेतलें. पुढें पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे त्याच चळवळींतील विद्यार्थी. त्यांचें पुढील शिक्षण संस्थानाबाहेर, पुणें व नागपूर येथें झालें. एका विद्यापीठानें लावलेलें दार दुसऱ्यानें उघडलें नसतें, तर त्या मुलांचें काय झालें असतें याचा विचार करावा.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानें या बाबतींत मोठें मन दाखविलें आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानें न्यायालयास असा अधिकार दिला कीं, किरकोळ अपराध्यास समज देऊन अथवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडावें. एकवीस वर्षांखालील तरुणास होतां होईल तों तुरुंगांत पाठवूं नये, असें त्यांत आहे. आणि अशा रीतीनें सुटलेल्यास त्या दोषसिद्धीमुळें येणारी अपात्रता लागूं नये, असें त्याचें बारावें कलम सांगतें. बालकांविषयींच्या २०१५ च्या कायद्याचें चोविसावें कलमहि असेंच आहे. सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा खटला अतिगंभीर गुन्ह्याबद्दल प्रौढाप्रमाणें चालला, त्याचा मात्र त्यांत अपवाद केला आहे. नोकरीच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं एका निकालांत, तारुण्याच्या भरांत झालेल्या चुकीकडे उदार दृष्टीनें पाहावें असें म्हणतांना व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरींतील पाव चोरणाऱ्या नायकाची आठवण दिली. २०१६ सालीं तीन न्यायमूर्तींनीं या विषयाचे नियमच घालून दिले. माहिती खरी द्यावी, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. पण कोवळ्या वयांत घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक अपराध असेल, तर तो लपविल्याबद्दलहि मालकानें क्षमा करावयास हरकत नाहीं, असेंहि सांगितलें.

कायदा मोठ्या मनाचा असला तरी कचेरींतील टेबलावर तो पोंचतोच असें नाहीं. तेथें कोणीतरी एक कागद पुढें ढकलतो आणि मुलाला म्हणतो, ‘केस आहे का तुमच्यावर?’ आरोप, दोषसिद्धि, सुटका, समज, हे सारे भेद त्या दोन अक्षरी शब्दांत विरून जातात. मुलाच्या बरोबर त्या वेळीं वडील माणूस असावें, आणि त्याला हे भेद ठाऊक असावे, एवढ्यासाठींच आजचा हा खटाटोप.

आतां पुन्हा त्या पहिल्या मुलाकडे जाऊं. अर्ज त्याच्यापुढें आहे आणि रात्र झाली आहे. त्याच्या घरच्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट, प्रश्न शब्दशः वाचावा. त्यांत पकडल्याविषयीं विचारलें आहे, आरोपाविषयीं, कीं दोषी ठरल्याविषयीं. हलक्या अपराधाविषयीं, कीं केवळ गंभीर अपराधाविषयीं. हें नीट पाहावें. दुसरी गोष्ट, कोर्टाचा शेवटचा कागद बाहेर काढून त्यांत खरोखर काय लिहिलें आहे तें पाहावें आणि जाणत्या वकिलाला दाखवावें. कारण पुष्कळदां आठवणींत असलेला अपराध कागदावर उरलेलाच नसतो. तिसरी गोष्ट, विचारलें आहे तेवढें खरें सांगावें आणि विचारलेलें नाहीं तें भीतीनें ओकूं नये. खोटें उत्तर पुढें उघडकीस आलें तर मिळालेला प्रवेशहि जातो, आणि मग मूळच्या क्षुल्लक चुकीपेक्षां तें खोटेंच भारी ठरतें. चौथी गोष्ट, खुलासा लिहावयाचा असेल तर थोडक्यांत लिहावा: काय झालें, त्याची जबाबदारी कशी पत्करली, आणि त्यानंतरच्या दिवसांत काय केलें.

आणि शेवटची गोष्ट त्या न्यूयॉर्कच्या आंकड्यांनीं शिकविलेली आहे. नकार देणाऱ्या समितीनें जितकीं मुलें गमावलीं त्याच्या पंधरापट मुलें अर्ध्यावर सोडलेल्या अर्जानें गमावलीं. म्हणून वडिलांनीं त्या टेबलाशीं दुसरी खुर्ची ओढून मुलाशेजारीं बसावें, आणि तो अर्ज पुरा होऊन रवाना होईपर्यंत तेथून उठूं नये.